गाडीच्या इंजिनात कोणते पाणी घालावे?

चैत्री यात्रेच्या दिवसांत पंढरपूरच्या रस्त्यांवर गाड्यांची रांग मुंगीच्या चालीने सरकत असते. डोक्यावर चैत्राचे ऊन, इंजिन चालू, पण गाडीला वेग नाही म्हणून समोरचा वाराही नाही. अशा वेळी एखादी जीप बॉनेट उघडून, वाफा सोडीत कडेला उभी दिसते. कोणीतरी जवळच्या बोअरचे पाणी कळशीने आणून ओततो. त्या वेळेपुरती गाडी निघते. पण हाच उपाय रोजचा झाला तर इंजिन आतून खराब होते. ज्याचे पोट त्या गाडीवर, त्याला नवे इंजिन बांधणे कसे परवडावे?

आधी पाण्याचे काम काय ते पाहू. इंधन जळून जी उष्णता निघते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच गाडी ओढायला कामी येतो. काही धुराबरोबर जाते. काही इंजिनाच्या धातूत मुरते. ही मुरलेली उष्णता उचलून रेडिएटरच्या जाळीत आणून सोडणे, हे पाण्याचे काम. ओझे वाहण्यात पाण्यासारखा दुसरा हमाल नाही. मग नुसते पाणी का चालू नये?

त्याला तीन कारणे आहेत. पाणी १०० अंशांना उकळते आणि चढावर इंजिनाचा पारा त्याच्या फार जवळ जातो. दुसरे कारण क्षार. बोअरचे पाणी तापवणाऱ्या बंबात पांढरा थर चढतो, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. तसाच थर इंजिनात चढला की उष्णता धातूतून पाण्यात नीट उतरत नाही आणि जाळीच्या बारीक नळ्या तुंबतात. तिसरे कारण गंज. इंजिनात लोखंड असते, ॲल्युमिनियम असते. दोन वेगळे धातू क्षाराच्या पाण्यात एकत्र आले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते.

या तिन्हींवरचा उपाय म्हणजे कूलंट. त्यात ग्लायकॉल नावाचा द्रव आणि गंज रोखणारी द्रव्ये असतात. थंड मुलखात पाणी गोठू नये म्हणून ग्लायकॉल वापरू लागले. ‘आमच्याकडे कुठे बर्फ पडतो?’ असे कोणी म्हणेल. पण तेच ग्लायकॉल उकळण्याचा बिंदूही वर नेते. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण सुमारे १०७ अंशांना उकळते. वर रेडिएटरचे झाकण कुकरच्या शिट्टीसारखा दाब धरून ठेवते, त्यामुळे तो बिंदू आणखी वर जातो. मात्र ग्लायकॉल जास्त घातले म्हणजे जास्त गुण येईल, असे नाही. पाण्याइतकी उष्णता ते वाहू शकत नाही. निव्वळ ग्लायकॉल भरले तर इंजिन उलट अधिक तापते.

आता निवड. दुकानात हिरवे, लाल, निळे, गुलाबी असे डबे असतात. रंगावर जाऊ नका. रंग हा कारखानदाराने घातलेला असतो. एकाच रंगात दोन निराळी द्रव्ये असू शकतात. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेटसारखे क्षार असतात, ते साधारण दोन वर्षांत संपतात. नव्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सेंद्रिय आम्लांची द्रव्ये असतात, ती बहुधा पाच वर्षे टिकतात. दोन्ही एकत्र केली तर गुण कमी होतो, कधी चिकट गाळही धरतो. म्हणून गाडीच्या माहितीपुस्तिकेत जो प्रकार लिहिला आहे, तोच घ्यावा. ट्रॅक्टर आणि मोठ्या डिझेल गाड्यांचे कूलंट वेगळे असू शकते. मोटारीचे उरलेले त्यांत ओतू नये.

डब्यावर आणखी एक गोष्ट वाचावी. काही कूलंट तयार मिश्रण असते, ते तसेच भरायचे. काही घट्ट असते, त्यात पाणी मिसळायचे. ते पाणी क्षार काढलेले, म्हणजे बॅटरीत घालतो तसे, असावे.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. एका वाटीत बोअरचे व दुसरीत बॅटरीचे पाणी घेऊन दोन्ही आटवावे. पहिल्या वाटीत जो पांढरा डाग उरेल, तो मुलांना शंभर वाक्यांपेक्षा अधिक सांगेल.

शेवटी दोन इशारे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. दाब सुटताच आतले पाणी एकदम उकळून अंगावर येते आणि माणूस भाजतो. इंजिन बंद करून, ते पुरते निवल्यावरच झाकणाला हात लावावा. आणि काढलेले कूलंट गोठ्याजवळ किंवा ओढ्यात ओतू नका. ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी आहे. गुरे, कुत्री ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. लहान मुलांच्या हाती तर डबा लागूच देऊ नये.

वाटेत अडलात आणि दुसरे काहीच मिळाले नाही, तर निवलेल्या इंजिनात साधे पाणी घालून घर गाठावे. पण घरी पोहोचल्यावर ते काढून टाकावे, गळती शोधावी आणि योग्य कूलंट भरावे. डब्याचा खर्च इंजिनाच्या खर्चापुढे काहीच नाही.