दगडी चौकटीआडचा संसार

शांघाय म्हटलें कीं नदीकांठच्या उंच पेढ्या आणि विजेच्या दिव्यांनीं झगमगणारे रस्ते डोळ्यांपुढें येतात. परंतु, श्रोतेहो, त्या शहरांतला मध्यम स्थितीचा चिनी गृहस्थ राहात असे तो या झगमगाटाच्या पाठीमागें, 'लिलोंग' नांवाच्या गल्ल्यांत. परक्याच्या वसाहतींत आपलें घर आपलें कसें ठेवावें, हा प्रश्न त्यानें तेथें सोडविला.

१८४३ सालीं शांघाय बंदर परकीय व्यापारास खुलें झालें आणि इंग्रज, फ्रेंच यांच्या वसाहती तेथें उभ्या राहिल्या. पुढें १८५३ चें बंड आणि तैपिंगांचें युद्ध यांमुळें हजारों चिनी कुटुंबें जीव मुठींत धरून त्यांच्या आश्रयास आलीं. परकीय व्यापाऱ्यांना त्यांत भाड्याचें उत्पन्न दिसलें. त्यांनीं प्रथम लांकडी घरांच्या रांगा उठविल्या. आगीच्या भयानें पुढें विटांच्या बांधल्या. मुंबईंत वाढलेला सायलस हार्डून पुढें शांघायांत अशाच जमिनी व घरें यांवर गबर झाला.

घराला घर लागून उभी असलेली ही सरळ रांग विलायती धर्तीची. दार मात्र चिनी. दगडी चौकट आणि काळीं लांकडी कवाडें, म्हणून या घरांना 'शिकुमेन' म्हणतात. आंत शिरतांच लहानसा चौक, पुढें बैठकीची खोली, वरच्या मजल्यावर निजावयाच्या खोल्या आणि मागें स्वयंपाकघर. जुन्या वाड्यांत चौकामागून चौक असत. येथें एकच उरला. पण कवाडें लावलीं कीं तेवढ्या आभाळाखालीं घर पुन्हां स्वतःचें होई. बाहेर गल्लींत फेरीवाल्यांच्या आरोळ्या, मुलांचे खेळ, आणि पहाटे मलपात्रें रिकामीं करणाऱ्या गाडीवाल्याची हांक. १९२० नंतरच्या नव्या गल्ल्यांत न्हाणीघर व गॅस आला, चौकाची भिंत ठेंगणी झाली, आणि मोठ्या एकत्र कुटुंबाच्या जागीं नवरा, बायको व मुलें एवढाच परिवार राहूं लागला.

स्वयंपाकघरावर, जिन्याच्या वळणावर, उत्तरेकडे तोंड केलेली एक लहान खोली असे. तिचें नांव 'तिंगझिजियान'. उन्हाळ्यांत खालच्या चुलीची धग, हिवाळ्यांत कडाक्याची थंडी. भाडीं वाढलीं तेव्हां मुख्य भाडेकरू ही खोली विद्यार्थी, कारकून, लेखक यांना देऊं लागला. लोक त्याला 'दुसरा घरमालक' म्हणत. १९३७ च्या युद्धानंतर तर एकेका घरांत अनेक बिऱ्हाडें शिरलीं आणि चौकाचें एकांत सुख संपलें. थोर लेखक लू शून १९३३ पासून १९३६ मधील मृत्यूपर्यंत अशाच एका नव्या गल्लींत राहिला. आपल्या निबंधसंग्रहाच्या नांवांत त्यानें 'परकीय वसाहत' या अर्थाच्या शब्दाचीं दोन अक्षरें अर्धीं अर्धीं कापून घेतलीं आणि त्यांना या खोलीचें नांव जोडलें. अर्ध्या परक्या भूमीवर राहण्याचें शल्य त्या अर्ध्या अक्षरांत आहे.

१९९० नंतर यांतल्या पुष्कळ गल्ल्या जमीनदोस्त झाल्या. २००१ सालीं 'शिन्तियान्दी' या भागांत कांहीं घरें डागडुजी करून दुकानें व उपाहारगृहें म्हणून उघडलीं. दगडी चौकटी तेथें जपल्या आहेत. पण ज्या संसारासाठीं त्या बांधल्या, तो आंत राहिलेला नाहीं. घराचें दार टिकविणें सोपें. त्या दाराला आंतून कडी घालणारा माणूस टिकविणें कठीण, हेंच या गल्ल्या सांगतात.