पिशवीऐवजी भोपळा!

परेडमध्ये बॅगपाइप घुमला की सगळ्यांचे मोबाइल आपोआप वर जातात. काखेत पिशवी, खांद्यावर नळ्या, एकदम भारी! पण त्याच जातकुळीचं वाद्य आपल्या धुळे जिल्ह्यात, साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात वाजतं, हे किती जणांना माहितीये? मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात कोकणा आणि भिल्ल पाड्यांवर ती रात्र रात्र घुमते. तिचं नाव पावरी.

आधी बॅगपाइप समजून घ्या. एका नळीतून पिशवीत हवा भरायची. एका नळीवर बोटांनी सूर काढायचे. स्कॉटिश बॅगपाइपला आणखी तीन नळ्या असतात, त्या एकच सूर धरून ठेवतात. प्रत्येक नळीत वाजणारी जीभ वेगळी. वादक श्वास घेतो तेव्हा काखेतली पिशवी दाबतो, म्हणून आवाज तुटत नाही.

पावरीत पिशवीच्या जागी वाळवलेला दुधी भोपळा. खाली बांबूच्या नळ्या, आत जिभा, बोटांसाठी भोकं. बऱ्याच पावऱ्यांना शिंग आणि मोरपिसंही लावलेली असतात. पण भोपळा काही दाबता येत नाही! मग आवाज सलग राहतो कसा? वादकाचे गालच पिशवी होतात. गालात हवा साठवायची, ती पुढे ढकलायची आणि त्याच क्षणी नाकानं श्वास घ्यायचा. करून बघा: पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ टाका आणि बुडबुडे थांबू न देता श्वास घ्या. दहा सेकंद जमलं तरी मानलं भाऊ.

आता खरा मुद्दा. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या ‘युवारंग’सारख्या महोत्सवासाठी लोकनृत्याच्या टीमनं गावाकडच्या कुणा बाबांची पावरी मागून आणली, तर ती सांभाळायची कशी? तिचे सांधे मधमाशांच्या मेणानं बुजवलेले असतात. हे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. जळगावचा मे महिना ४५ पर्यंत जातो, आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून तापते. मेण सरकलं की हवा गळते आणि सूर बसतो. तिथे एम-सील फासायचा मोह आवरा. एकदा ते चिकटलं की जीभ काढून नीट करणं अवघड. ताजं मेणच लावा, तेही वाजवणाऱ्याला विचारून.

दुसरा शत्रू म्हणजे ओल. आपल्या श्वासातली वाफ आतच साचते. ब्रिटनमध्ये ६१ वर्षांचे एक गृहस्थ रोज बॅगपाइप वाजवायचे. फुप्फुसाच्या आजारानं ते गेले. त्यांच्या वाद्यात बुरशी सापडली. तीन महिने ते वाद्याविना ऑस्ट्रेलियात होते, तेव्हा त्यांची तब्येत सुधारली होती! ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली ही केस छापून आली. पावरी आणि बॅगपाइप वेगळे, पण ओल तीच. म्हणून वाजवून झाल्यावर लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. सावलीत, वाऱ्यावर सुकू द्या, मग सुती कापडात गुंडाळा. बसमध्ये वरच्या रॅकवर नको, मांडीवर घ्या. भोपळा एकदा तडकला की नवा वेलावर धरेपर्यंत, वाळेपर्यंत थांबावं लागतं.