दीड बोट माया

सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पुण्याकडे निघाली की डबे भरायचे आणि रात्री सिद्धेश्वर मुंबईकडे गेली की दिवा मालवायचा, हे कुर्डुवाडीतल्या कित्येक घरांचं वेळापत्रक. आमचंही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत प्रवासी गाड्या थांबल्या आणि घरातली वेळच हरवल्यासारखी झाली. शाळा बंद, मी घरी. दुसऱ्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "त्या मशीनवरचं कापड काढ बरं. मास्क शिवू. नुसतं बसून दिवस जाईना."

ते पायमशीन स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून वर्षानुवर्षं झाकलेलं होतं. त्यावर आम्ही मिक्सर ठेवायचो. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी ते चालताना पाहिलेलं नव्हतं. वादी सुकून सैल झाली होती, तेलाची भोकं धुळीने बुजली होती. दोन दिवस साफसफाई केली, वादी कापून पुन्हा जोडली, भोकाभोकात तेल सोडलं. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, सुईचं नाक त्यांना दिसेना. म्हणून दोरा ओवायचं काम माझ्याकडे आलं. माझी सुरुवात एवढीच. त्यांनी टीप मारायची आणि दोरा तुटला की मी ओवून द्यायचा.

त्या एप्रिल-मेमध्ये राज्यभर बचत गटांच्या बायका मास्क शिवत होत्या. आम्ही घरापुरते, आळीपुरते शिवले. सुती कापडाचे तीन पदर, तीन चुण्या, दोन नाड्या. माप सारखं, काम तेच तेच. त्या तेच-तेचमध्येच माझा पाय मशीनवर बसला. पायटा पहिल्या झटक्यात उलटा फिरला की दोरा गुंतून तुटतो. त्यासाठी उजव्या हाताने चाक आधी आपल्याकडे ढकलायचं आणि मग पायाने लय धरायची. हे सांगून कळत नाही. पंधरा-वीस मास्कांनंतर एका दुपारी पायालाच कळलं.

"माया" हा शब्द मी त्याच दिवसांत नव्याने ऐकला. टीप अगदी कडेला घेतली की सासूबाई लगेच म्हणायच्या, "माया सोड गं." शिवणीच्या पलीकडे आत राहणारं जादा कापड म्हणजे माया. बाहेरून दिसत नाही, पण ती नसली तर पहिल्या धुण्यात टीप निसटते. आणि भरपूर असली तर अंग भरल्यावर कपडा उसवून सैल करता येतो. त्यांचं माप ठरलेलं होतं: मास्कला अर्धं बोट, अंगातल्या कपड्याला दीड बोट. तयार कपडे उलटे करून मी पहिल्यांदा नीट पाहिले ते तेव्हा. ओव्हरलॉकच्या मशीनने कड कापून बांधलेली, आत जेमतेम करंगळीच्या नखाएवढं कापड. असा कपडा पुढे सैल करायची सोयच ठेवलेली नसते. मला तेव्हा त्याचा राग आला होता, आजही येतो.

सासूबाईंची सवय कुठून आली ते त्यांनीच सांगितलं. सासरे नॅरोगेजच्या कारखान्यात होते. कुर्डुवाडीचं गावपणच मुळी त्या अडीच फुटी रुळांवर उभं राहिलं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे आखली, १८९७ मध्ये पहिली गाडी इथून बार्शीला गेली. आमच्या स्टेशनाचं तेव्हाचं नाव बार्शी रोड. पुढे ही लाइन एका अंगाने लातूरपर्यंत आणि दुसऱ्या अंगाने पंढरपूरवरून १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचली. १ जानेवारी १९५४ रोजी ती सरकारने घेतली. आता सगळीकडे ब्रॉडगेज आहे, पण जुन्या घरांत कारखान्याच्या आठवणी कपड्यांवरून निघतात. निळे कपडे गुडघ्यावर आणि कोपरावर फाटायचे. दुकानातल्या नव्या निळ्या कापडाचं ठिगळ लगेच उठून दिसे. म्हणून सासूबाई त्याच विजारीच्या आतल्या मायेतून पट्टी कापून गुडघ्याला लावत. धागा तोच, वीणही तीच, त्यामुळे ठिगळ तितकं उठून दिसत नसे.

मास्कांनंतर मी परकर शिवला, मग उशांचे अभ्रे. नोव्हेंबरात, दिवाळीच्या तोंडावर, स्वतःसाठी पहिला कुर्ता बेतला. गाळ्यात पडून असलेलं गडद निळं सुती कापड होतं, अडीच मीटर. के. आर. झारापकरांच्या कटिंगच्या पद्धतीचं एक पिवळं पडलेलं पुस्तक सासूबाईंच्या ट्रंकेत निघालं. त्यांच्या पिढीत शिवणक्लासला जाणाऱ्या बहुतेकींना हे नाव पाठ. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे त्या पुस्तकाने मला धरूनच ठेवलं. एका छातीच्या मापातून अर्धा कपडा निघतो! छाती ३६ इंच, तर चौथा हिस्सा ९, त्यात सैलपणाचा दीड, वर मायेचा एक. गळ्याची रुंदी छातीचा बारावा हिस्सा, म्हणजे ३. मुलांना आपण अपूर्णांक शिकवताना भाकरीचे तुकडे करत बसतो, हे मला तेव्हा अपुरं वाटलं. शाळा पुन्हा भरल्यावर मी सातवीच्या वर्गात ब्राऊन पेपर आणि मेजर टेप घेऊन गेले. चौथा हिस्सा आणि बारावा हिस्सा यांत मोठं कोण, हे त्या दिवशी कुणालाही घोकावं लागलं नाही.

कुर्ता मात्र सरळ झाला नाही. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघाल्या. बाहीचा मुंढा पुढून जास्त खोल असतो, मागून कमी. कापड दुहेरी न घालता मी एकेक बाही तोंड त्याच बाजूला ठेवून कापली होती. रात्री अकराला ते ध्यानात आलं आणि मी खूप रडले. एवढ्या वर्षांत हाताने काही करून पाहिलं नव्हतं आणि पहिलंच केलं ते वाया गेलं, असं वाटलं. सासूबाईंनी सकाळी उरलेलं कापड मांडीवर पसरलं, सरकवून-सरकवून पाहिलं आणि एक बाही काढून दिली. कोपराच्या वर जोड आला. तो जोड अजून आहे.

दुसरी चूक कापडाची. बेतण्याआधी ते पाण्यातून काढायचं राहिलं होतं. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, आणि आटतं ते मुख्यतः लांबीत, कारण मागावर उभा धागा ताणून बांधलेला असतो. दोन धुण्यांत कुर्ता गुडघ्याच्या वर सरकला. तेव्हापासून नवं कापड आलं की रात्रभर बादलीत.

२०२१ आणि २०२२ ही माझी कापडाची वर्षं. गाड्या सुरू झाल्यावर मी सुट्टीला सोलापूरला जाऊ लागले. ज्या शहरात १८७७ मध्ये जुनी मिल उभी राहिली, जिथल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिथे आयुष्यभर जाऊनही मी कापडाला कधी हात लावून पाहिलं नव्हतं. दुकानदार पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारतो तेव्हा काय सांगायचं, उभा धागा कसा ओळखायचा, गळ्याला उरेब पट्टीच का लागते, हे सगळं काउंटरवर उभं राहून शिकले. उरेब म्हणजे कापडाच्या कोनातून तिरकी काढलेली पट्टी. ती ताणली जाते, म्हणून गोल गळ्याला चुणी न पडता बसते. सरळ पट्टी तिथे आडवी येते. खणाचं कापड घेतलं तेव्हा त्याचा लहान पन्हा पाहून अडखळले. ते विणलंच चोळीच्या मापाने जातं. त्यात कुर्ता बसवायचा तर मधे दुसऱ्या कापडाचा पट्टा द्यावा लागतो. असे तीन शिवले. तिसरा चांगला झाला.

२०२३ च्या हिवाळ्यात सोलापुरी चादरीचं जाकीट केलं. जाड विणीला नेहमीची सुई पुरत नाही, १८ नंबरची लावली. चार पदर एकत्र आले त्या जागी पाय सोडून चाक हाताने फिरवलं, एकेक टाका. चादरीच्या दोन्ही बाजूंना नक्षी उलट-सुलट रंगात उतरते, म्हणून अस्तर लावलंच नाही. त्या जाकिटाला आठ रविवार लागले.

आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर पंढरपूर. नामदेव पायरीवर डोकं टेकवताना संत नामदेव शिंप्याच्या घरचे होते हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि त्यांतल्या एकात गज, कात्री, सुई-दोरा हा घरचा सगळा संसार आहे, हे मी शिवायला लागल्यावर वाचलं. आधी वाचलं असतं तर रूपक म्हणून पुढे गेले असते. महात्मा गांधींचंही तसंच. १९२४ मध्ये यंत्रांविषयी बोलताना त्यांनी शिलाई मशीनचा अपवाद केला. बायको हाताने शिवून शिवून दमते हे पाहून सिंगरने ते बनवलं, त्यामागे प्रेम होतं, असं त्यांनी सांगितलं. सिंगरच्या चरित्रात ही गोष्ट बसत नाही, तिला दंतकथाच म्हणायला हवं. तरी गांधींना या एका यंत्राच्या मुळाशी प्रेम शोधावंसं वाटलं, हे मला फार जवळचं वाटतं.

साडेपाच वर्षांत अठरा कपडे झाले. वहीत प्रत्येकाची तारीख, कापड, माप लिहिलेलं आहे. विकण्यासाठी एकही शिवला नाही. बायका विचारतात, आता ऑर्डरी का घेत नाहीस? दिवसभर दुसऱ्यांच्या मापांवर वाकून पाठ मोडलेल्या शिंप्यांचं काम मी पाहिलं आहे, त्याची मजुरी किती कमी मिळते तेही. माझ्या हौसेने त्यांचे दर पाडू नयेत असं मला मनापासून वाटतं. ब्लाऊज मी अजूनही बाहेरच शिवून घेते.

या दिवाळीत पहिला निळा कुर्ता कपाटातून काढला. मुंढ्यात आवळायला लागला होता, अंग भरलं आहे. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया मागेच झाली, आता सुई त्याच ओवतात. कुर्ता उलटा करून मी बाजूची शिवण ब्लेडने उसवली. बाहेरचं कापड उन्हाने आणि धुण्याने राखेच्या रंगावर आलेलं. आतली पट्टी मात्र दुकानातून आणली तशीच गडद निळी होती.

सासूबाईंनी तिच्यावर बोटं आडवी ठेवून पाहिली.

"दीड बोट आहे."

"हो."

"मग अर्धं सोड. बाकीचं राहू दे आत."