शाळेच्या वाटा किती?

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो असता आईने विचारले, “धाकटीला पुढं कुठं घालायची रं?” धाकटी चौथीत आहे. महाविद्यालयाची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिलाच, तेव्हा प्रश्न माझ्याकडेच यायचा. पण मलाही नीट उत्तर देता येईना. म्हणून आपल्या सातारा जिल्ह्यात सर्वसामान्यांच्या मुलांना शाळेच्या कोणत्या वाटा आहेत याची माहिती गोळा केली. तीच येथे मांडत आहे.

पहिली वाट जिल्हा परिषदेच्या शाळेची. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या व खेड्यांतील प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आले. ही शाळा गावातच असते, फी नसते, पुस्तके व दुपारचे जेवण मिळते. मात्र कोठे ती चौथीपर्यंत असते, तर कोठे सातवीपर्यंत. पुढे काय, हा प्रश्न तेथेच उभा राहतो.

दुसरी वाट अनुदानित माध्यमिक शाळेची. शाळा संस्थेची, पण शिक्षकांचा पगार सरकारचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. आपल्यापैकी अनेकजण अशाच शाळांतून येथवर आलो आहोत.

तिसरी वाट खाजगी विनाअनुदानित शाळेतील पंचवीस टक्के राखीव जागांची. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना या जागांवर आठवीपर्यंत मोफत शिकता येते. २०२४ साली राज्य सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो बदल रद्द केला. परंतु हा प्रवेश अगदी सुरुवातीच्या वर्गातच मिळतो. धाकटीची ती वेळ केव्हाच टळली.

चौथी वाट निवासी शाळांची. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ सालची. सहावीला व नववीला प्रवेश परीक्षा असते. २०२१ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला. पण तिची फी शेतमजुराच्या घराला सहज झेपणारी नाही. जवाहर नवोदय विद्यालयाचे तसे नाही. राहणे, जेवण, पुस्तके, गणवेश सारे मोफत. किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागासाठी व एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात. परीक्षा पाचवीत असताना द्यायची, तीही आपल्याच जिल्ह्यातून, आणि ती आयुष्यात एकदाच देता येते.

ही शेवटची अट मला कळली तेव्हा मी सहावीत होतो. आमच्या वर्गातून कोणीच अर्ज भरला नव्हता. मी उत्तीर्ण झालोच असतो असे म्हणण्याचा माझा आव नाही. परंतु परीक्षेत नापास होणे निराळे आणि परीक्षा असते हेच ठाऊक नसणे निराळे.

येथे दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नवोदयात सहावीला जास्तीत जास्त ऐंशी मुले घेतात. उरलेल्या हजारो मुलांचे काय? त्यांच्यासाठी गावची शाळाच चांगली असली पाहिजे. ज्यांचे मूळ गाव याच जिल्ह्यातील कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. निवडक मुलांची सोय झाली म्हणून ती मागणी पुरी झाली असे समजता येणार नाही.

मित्रहो, उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण गावी जाऊच. आपल्या आळीत चौथी-पाचवीतले मूल असेल तर त्याच्या आईबापांना एवढे जरूर सांगावे. अर्ज भरायला बसावे लागले तर बसावे. मी आईला सांगितले आहे, पुढच्या वर्षी धाकटीचा अर्ज मी स्वतः भरणार. जागा मिळाली तर उत्तमच; न मिळाली तर गावची शाळा आहे, आणि संध्याकाळी शिकवायला तिचा भाऊ आहे.