हळदीचा फोटो हळदीच्याच रंगाचा

विश्रामबागेत माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नसराई संपली की मी कॅमेरा घेऊन हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर जाते. हळद साठवायची तिथली जमिनीतली पेवं प्रसिद्ध. 2005 च्या पुरात त्यांचं फार नुकसान झालं. परवा मी घाटाच्या फोटोवर हळकुंडांचा फोटो चढवून पाहिला. नदीच पिवळी झाली! असे प्रयोग भिंतीवर लावायला छान. हळदीच्या पाकिटावर मात्र नकोत.

बचत गटाच्या मालाचे फोटो काढताना एक मागणी हमखास येते, "ताई, रंग जरा वाढवा की." मी वाढवत नाही. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिच्या स्वतःच्या गुणांवर. शिवाय रंग मिसळलेली भेसळीची हळदही अशीच भडक दिसते, त्यामुळे जाणकार गिऱ्हाईक फोटो बघूनच बिचकतं. आणि ज्यानं घेतली, तो पाकीट फोडून म्हणणार, फोटोतली ही नव्हे. पुढची ऑर्डर गेलीच.

मग एडिटिंग करायचंच नाही का? करायचं, पण रंग जागेवर आणायला. पिवळ्या बल्बखाली पांढरा कागदसुद्धा पिवळट येतो. म्हणून हळद दिवसा दारातल्या सावलीत ठेवा. फ्लॅश बंद. लेन्स पदरानं पुसा, आपल्या मोबाईलला पिठाचा हात लागलेला असतोच. हळदीशेजारी कोरा कागद ठेवून फोटो काढा. नंतर एडिटिंगमधलं 'व्हाइट बॅलन्स' कागद पांढरा दिसेपर्यंत हळूहळू सरकवा. कागद पांढरा झाला की हळदही आपल्या रंगावर येते. मग कागदाची बाजू कापून टाका.