भारतमंत्री माँटेग्यू: खुर्ची मिळते कशी, जाते कशी

इतिहासाच्या पुस्तकात माँटेग्यू येतो तो व्हाइसरॉय चेम्सफर्डचा हात धरूनच, आणि परीक्षेपुरता. पण एडविन माँटेग्यूची कारकीर्द नीट पाहिली तर विलायतेत मंत्री कसा घडतो आणि कसा जातो, हे एकाच माणसात पाहायला मिळतं.

बँकरचा हा मुलगा १९०६ साली, सत्ताविसाव्या वर्षी, लिबरल पक्षाकडून खासदार झाला. अर्थमंत्री अ‍ॅस्क्विथ यांनी त्याला आपला संसदीय खासगी सचिव नेमलं. या कामाला पगार नसतो. मंत्र्याच्या मागे बसायचं, सभागृहाची नाडी ओळखून त्याच्या कानावर घालायची. उमेदवारीच म्हणा. पुढे अ‍ॅस्क्विथ पंतप्रधान झाले आणि १९१० मध्ये माँटेग्यू भारत खात्याचा उपमंत्री झाला.

हे पद दिसतं त्यापेक्षा मोठं होतं. तेव्हाचे भारतमंत्री, आधी मोर्ले आणि मग क्रू, उमराव असल्यामुळे वरच्या सभागृहात बसत. कॉमन्समध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, त्यांना बोलता येत नसे. त्यामुळे तिथे हिंदुस्थानाबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची ती उपमंत्र्यानेच. १९१२-१३ च्या हिवाळ्यात तो हिंदुस्थान फिरूनही गेला.

१९१५ मध्ये त्याला मंत्रिमंडळात जागा मिळाली, १९१६ मध्ये दारूगोळा खातं. पण त्याच डिसेंबरात अ‍ॅस्क्विथ पडले आणि तोही बाहेर पडला. पुढच्याच जुलैत, मेसोपोटेमियाच्या मोहिमेतल्या गलथानपणाचा अहवाल आल्यावर, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. या अहवालावरच्या चर्चेत माँटेग्यूने हिंदुस्थान सरकारच्या जुनाट कारभारावर कोरडे ओढले होते. काही दिवसांतच नवे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी तेच खातं त्याच्या गळ्यात घातलं. अ‍ॅस्क्विथच्या गोटाला ही फितुरी वाटली.

हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची २० ऑगस्ट १९१७ ची प्रसिद्ध घोषणा त्याच्या नावावर असली, तरी एकट्याची नव्हती. मसुद्याची सुरुवात चेंबरलेनच्या काळातली, अखेरच्या शब्दांवर हात फिरवला तो कर्झनने. मंत्रिमंडळात कागद असाच पुढे सरकतो. मग माँटेग्यू स्वतः इकडे आला, टिळकांसह अनेकांना भेटला. मताधिकार कोणाला द्यायचा, हे ठरवायला साउथबरो समिती नेमली गेली. तिच्यापुढे जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत डॉ. आंबेडकरांची साक्ष झाली.

१९१९ च्या कायद्याने प्रांतात खाती वाटली गेली: शिक्षण, आरोग्य, शेती ही सोपीव, निवडून आलेल्या मंत्र्यांकडे, पोलीस, महसूल, अर्थ ही राखीव, गव्हर्नरकडे. मुंबई इलाख्यात १९२१ मध्ये शिक्षणखातं रँग्लर परांजप्यांकडे आलं, पण तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला! या रचनेतली खरी मेख हीच.

याच कायद्यातलं एक कलम फारसं कोणी सांगत नाही. तोवर भारतमंत्र्याचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून जायचा. तो आता ब्रिटिश तिजोरीवर आला. म्हणजे कॉमन्सला दरवर्षी त्याच्या खात्याच्या खर्चाला मंजुरी देणं आलं, आणि खर्चातून शंभर पौंड कापा असा ठराव आणून मंत्र्याला धारेवर धरता येऊ लागलं. ८ जुलै १९२० ला हेच घडलं. जालियनवाला बागेच्या डायरवरची कारवाई अन्यायाची, असं म्हणत युनियनिस्ट खासदार कार्सनने कपातीची सूचना आणली. दहशतीवर राज्य करायचं आहे का, असा माँटेग्यूचा सूर लागताच सरकारच्याच आघाडीतले कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार खवळले. भाषण खरं होतं, पण सभागृह शांत करायचं कसब त्यात नव्हतं; ते काम चर्चिलने केलं. सूचना १२९ विरुद्ध २३० मतांनी फेटाळली गेली.

खुर्ची गेली ती मात्र वेगळ्याच कारणाने. १९२२ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगने तार केली: तुर्कस्तानाशी केलेल्या तहाने मुसलमान दुखावले आहेत, तो बदलावा, आणि ही मागणी जाहीर करायला परवानगी द्यावी. माँटेग्यूने ती मंत्रिमंडळाला न विचारताच दिली. ब्रिटिश मंत्रिमंडळात आत कितीही भांडा, बाहेर सगळ्यांचा सूर एकच हवा. दुसऱ्या खात्याच्या परराष्ट्र धोरणावर परस्पर बोलणं तर मुळीच चालत नाही. आणि परराष्ट्रमंत्री होते कर्झन. ९ मार्चला लॉइड जॉर्जने राजीनामा घेतला. दुसऱ्याच दिवशी साबरमतीला गांधीजींना अटक झाली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत माँटेग्यूची खासदारकीही गेली, आणि १९२४ मध्ये, पंचेचाळीस वर्षांचा असताना, तो वारला.