व्यसनी मेंदूचा प्रश्न आणि प्रस्तावाचे पहिले पान

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेला माणूस सुरुवातीचे काही दिवस नीट राहतो. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि दीड-दोन महिन्यांनी, सगळे सुरळीत झाले असे वाटत असतानाच, तो पुन्हा नशेकडे वळतो. ‘मनावर ताबाच नाही’ हा निकाल मग घरोघरी ठरलेला.

२००१ साली ‘नेचर’मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. कळ दाबून कोकेन घ्यायला शिकलेल्या उंदरांचे कोकेन बंद केले आणि किती दिवसांनी ते पुन्हा ती कळ किती वेळा दाबतात हे मोजले. ओढ दिवसागणिक ओसरायला हवी होती, पण ती चढत गेली. साठाव्या दिवशी ती पहिल्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त होती. पुढे २००८ मध्ये दिसले की मेंदूतल्या न्यूक्लिअस अ‍ॅकम्बन्स या भागात ग्लुटामेट या रसायनाला प्रतिसाद देणारे एका खास प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) या काळात साचत जातात आणि ओढीला बळ देतात. घरच्यांना जो विश्वासघात वाटतो, त्यामागे पेशींच्या पातळीवर घडणारी एक प्रक्रिया असू शकते, हे समजायला असे प्रयोग लागतात. आणि प्रयोगांना पैसा लागतो.

या विषयाला सर्वाधिक पैसा पुरवणाऱ्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेची ‘नायडा’ ही सरकारी संस्था. १९७४ मध्ये ती स्थापन झाली आणि १९९२ पासून ती राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या, म्हणजे एनआयएचच्या, छत्राखाली आहे. तिथल्या नेहमीच्या मोठ्या अनुदानासाठी, ‘आर-झिरो-वन’साठी, संशोधनाचा आराखडा बारा पानांत बसवावा लागतो. पण त्याआधी असते उद्दिष्टांचे एकच पान. माझ्या मते प्रस्तावाचे भवितव्य बरेचसे तिथेच ठरते.

‘कोकेनमुळे मेंदूत काय बदलते?’ या प्रश्नाला कोणी पैसे देणार नाही. त्याचे उत्तर कधी संपणारच नाही. ‘ओढ वाढत असताना हे ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावर येण्यापासून रोखले, तर साठाव्या दिवशी कळ कमी वेळा दाबली जाईल का?’ हा प्रश्न मात्र प्रयोगात उतरवता येतो. आणि उत्तर ‘नाही’ आले तरी काहीतरी हाती लागते. अनेक प्रस्ताव इथे अडखळतात. दुसरे उद्दिष्ट पहिल्याच्या यशावर उभे, तिसरे दुसऱ्याच्या. पहिले फसले की पाच वर्षांचे काम कोसळते. परीक्षकांना हे वाचताच कळते. ते एक ते नऊ गुण देतात, एक म्हणजे सर्वोत्तम. आणि सर्वसाधारणपणे निम्म्या प्रस्तावांवर बैठकीत चर्चाही होत नाही. नाकारलेला प्रस्ताव शेरे लक्षात घेऊन सुधारून पुन्हा पाठवता येतो. ते शेरे मनाला लावून न घेता वाचणे हे मोठे काम असते.

व्यसनाच्या विषयाला स्वतःच्या काही खास अडचणी आहेत. स्कॅनसाठी आलेला कोकेनचा रुग्ण बहुधा सिगारेटही ओढतो, दारूही पितो. मग मेंदूतला फरक कशाचा? प्रस्तावात याचे उत्तर आधीच द्यावे लागते. सहभागी माणूस बेकायदा गोष्टीची कबुली देत असतो, म्हणून एनआयएचच्या निधीतून होणाऱ्या अशा अभ्यासांना २०१७ पासून गोपनीयतेचे कायदेशीर संरक्षण आपोआप मिळते. नर आणि मादी या दोन्हींचा विचार का केला किंवा का केला नाही, हे २०१६ पासून सांगावे लागते. त्याआधी कितीतरी निष्कर्ष फक्त नर उंदरांवर बेतलेले होते. प्रयोगाची मांडणी बदलली की उत्तरही बदलते, याचा सुंदर नमुना २०१८ मध्ये मिळाला. मार्को व्हेनिरो आणि यवीन शाहम यांनी उंदरांना अमली पदार्थ आणि दुसऱ्या उंदराची सोबत यांपैकी एक निवडायला दिले. उंदरांनी सोबत निवडली. उंदराला पिंजऱ्यात एकटे ठेवून मांडलेल्या प्रयोगात हे कधीच दिसले नसते.

म्हणूनच कुठला प्रश्न विचारला जातो याला इतके महत्त्व आहे. आणि आपल्याकडचे प्रश्न आपल्याखेरीज दुसरे कोण विचारणार? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या नशेचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर मुला-किशोरांत १.१७ टक्के आढळले. रेल्वे फलाटावर व्हाइटनर किंवा सोल्युशन हुंगणाऱ्या मुलाच्या वाढत्या मेंदूचे काय होते? वर्षानुवर्षे मिश्री लावणाऱ्या बाईला ती सोडताना कोणत्या टप्प्यावर सर्वांत जास्त त्रास होतो? कोकेनवरच्या अभ्यासांतून याची उत्तरे उसनी मिळणार नाहीत. निधीसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आहे, २०२३ च्या कायद्याने आलेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आहे, इंडिया अलायन्सच्या शिष्यवृत्त्या आहेत. नीती समितीची संमती, अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याखालचे परवाने यांना वेळ जातो, तो आराखड्यात आधीच धरावा.

पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे आहे. अशा केंद्रांतल्या समुपदेशकांकडे घसरण कधी, कशी होते याची जी जाण आहे, ती कुठल्याही प्रयोगशाळेत नाही. मेंदूविज्ञान शिकणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे: उद्दिष्टांचे ते एक पान लिहून झाले की परीक्षकाकडे पाठवण्याआधी अशा एखाद्या समुपदेशकाला वाचायला द्या, आणि तो जिथे थांबेल ते वाक्य पुन्हा लिहा.